न्याय्य मजुरीचं कापड आणि आपली स्वतःची आवड

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी नाशिकला एका खाजगी कंपनीत हिशेब खात्यात काम करते. वय ३६, उंची पाच फूट. राणा प्लाझाबद्दल वाचल्यापासून अगदी स्वस्त कुर्ते घेताना हात मागे येतो. म्हणून हातमाग आणि खादीचे चार कुर्ते घेतले. पण ते घातले की मी माझ्यासारखी दिसतच नाही. मला गडद रंग आवडतात, अंगासरशी बसणारे कपडे आवडतात आणि मिळतं ते सगळं मातकट, ढगळ. वर हे कापड विणणाऱ्याला योग्य पैसे देऊन आलंय की नाही, तेही कळत नाही. डिसेंबरात भावाचं लग्न आहे. सुरुवात कुठून करू?"

ताई, सुरुवात तुमच्या आवडीपासूनच करा. हातमागाच्या कापडावर शिवणकाम करणं आणि लोकांना ते कसं वापरायचं ते सांगणं, हाच माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे. तुमच्यासारखी तक्रार माझ्याकडे सतत येते. कोणी मनापासून चांगल्या हेतूने चार कपडे घेतं, ते आवडत नाहीत, कपाटात घडी मोडत नाही आणि वर्षभरात पुन्हा मॉलमधली खरेदी सुरू होते. आवड मारून केलेला बदल टिकत नाही. न घातलेला कपडा कितीही चांगल्या मजुरीने विणलेला असला तरी तो पुढची मागणी आणत नाही आणि विणकराला खरी गरज असते ती पुढच्या मागणीची.

राणा प्लाझा ही तयार कपड्यांच्या कारखान्यांची इमारत २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवलं गेलं. तुमचा हात मागे येतो ते अगदी बरोबर आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे मातकट रंग नव्हे.

तयार कुर्ते ढगळ का असतात, ते आधी सांगते. लहान संस्थेला सात-आठ मापांत माल शिवून ठेवणं परवडत नाही. उरलेला माल त्यांचं भांडवल अडकवतो. ढगळ कुर्ता तीन मापांच्या बायकांना चालतो, म्हणून तसा शिवतात. दुसरं कारण कापडातच आहे. विरळ विणीचं कापड अंगाला घट्ट शिवलं की बगलेत आणि पाठीवर ताण येतो, टीप जागेवर राहते आणि धागे टिपेपासून सरकायला लागतात. शिवणीलगत जाळी दिसते ती हीच. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं, मग पुढच्या वेळी दुकानदार आणखी ढगळ शिवून घेतो.

म्हणून माझा सल्ला: निदान पहिली दोन वर्षं तयार कपड्यांपेक्षा कापड घ्या आणि शिवून घ्या. महाराष्ट्रात गल्लोगल्ली चांगला शिंपी किंवा शिवणकाम करणारी बाई मिळते, ही आपली मोठी श्रीमंती आहे. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांना हेच मिळत नाही आणि त्या इथून माप देऊन जातात.

आता एक काम करा. कपाटातले सर्वात जास्त वेळा घातलेले तीन कपडे बाहेर काढा. सर्वात आवडते नव्हे, सर्वात जास्त घातलेले. बगल विटलेली, रंग उतरलेला, तरी हात त्यांच्याकडेच जातो असे. ते पलंगावर पसरून नीट बघा. गळा किती खोल आहे, बाही कोपराच्या वर संपते की खाली, उंची गुडघ्याच्या किती वर आहे, कंबरेला आकार आहे का, खिसा आहे का. तुमची खरी आवड तिथे लिहिलेली असते. बायका तोंडाने "मला साधंच आवडतं" म्हणतात आणि तिन्ही कपड्यांवर नक्षीची किनार निघते. यातला जो सर्वात नीट बसतो तो शिंप्याला माप म्हणून द्या. टेपने घेतलेल्या मापापेक्षा तो जास्त खरं बोलतो. शिंपी नवीन असेल तर आधी मांजरपाटात एक नमुना शिवून घ्या. थोडा खर्च होतो, पण पुढचे सगळे कपडे त्या नमुन्यावर निघतात.

रंगांचं म्हणाल तर आपल्याकडच्या मागावर मातकट रंग नवखे आहेत. इरकलीतले डाळिंबी, मोरपंखी, आमसुली, अंजिरी, हळदी आठवा. काळी चंद्रकळा आठवा. गोव्यातली कुणबी साडी लाल-पांढऱ्या चौकड्यांची, दुरूनही डोळ्यांत भरते. खणाच्या कापडातली धूपछाँव तर उन्हात चालताना रंग बदलते. फिकट, राखाडी, बदामी रंग शहरी दुकानांनी "साधेपणा" म्हणून पुढे आणले. ते वाईट नाहीत, पण ते तुमचे नाहीत. आणि नैसर्गिक रंग म्हणजेच न्याय्य कापड, हे समीकरणही डोक्यातून काढून टाका. नैसर्गिक रंगाचं कापड तुटपुंज्या मजुरीवर विणलेलं असू शकतं. रासायनिक रंगाचं कापड चोख मजुरी देऊन, रंगाचं पाणी शुद्ध करून तयार झालेलं असू शकतं. तुम्हाला राणी रंग हवा असेल तर बिनधास्त घ्या.

तुमच्या उंचीला आणि आवडीला काय चालेल, ते कापडाच्या नावानिशी सांगते.

ऑफिससाठी पहिलं नाव मंगलगिरीचं. आंध्रात विजयवाड्याजवळ विणलं जाणारं हे सुती कापड बारीक सुताचं असलं तरी घट्ट विणीचं असतं. अंगात बुट्टी नसते, काठाला सरळ पट्टी असते. टक्स घेऊन कंबरेला आकार दिलेला कुर्ता किंवा शर्ट यात सुरेख बसतो आणि टीप सरकत नाही. रंग भरपूर मिळतात. काठ मात्र घेरावर आडवा लावू नका. पाच फुटी बाईच्या घेरावर रुंद काठ आला की उंची तिथेच कापली जाते. तोच काठ समोरच्या बटणपट्टीवर उभा लावा, बाहीला अर्धा इंच ठेवा. नजर वरून खाली सरळ जाते. हा काही कायदा नाही. तुम्हाला रुंद काठाचा घेरच आवडत असेल तर तोच घाला, फक्त कुर्त्याची उंची गुडघ्याच्या चांगली वर ठेवा.

महेश्वरीत उभा धागा बहुधा रेशमी आणि आडवा सुती असतो. त्यामुळे ती पडते छान, चमक हलकी असते. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात महेश्वरला विणकर वसवले आणि काठांवरची नक्षी तिथल्या किल्ल्याच्या दगडी कोरीव कामावरून आली. पुढे तिथली कला मोडकळीला आली, तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी काढली. विणकर बायकांना काम, घरं, मुलांना शाळा असं सगळं एकत्र बांधणारं ते काम आहे. महेश्वरी कापड अंगासरशी शिवायचं असेल तर अस्तर हवंच. ताण अस्तराने घ्यायचा, वरच्या कापडाने फक्त दिसायचं. अस्तर मऊ सुती घ्या. पॉलिएस्टरचं अस्तर लावलं तर वरच्या कापडाचा सगळा गारवा वाया जातो.

खण तुम्हाला फार शोभेल. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं हे कापड आपल्याकडे चोळीसाठी, ओटीसाठी पिढ्यान्‌पिढ्या येतंय. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असतो, कारण ते चोळीपुरतंच विणलं जायचं. त्याचा अख्खा कुर्ता शिवायच्या भानगडीत पडू नका, जोड फार येतात. बिनबाह्यांचं आखूड जाकीट शिवा, कंबरेच्या किंचित वर संपणारं. खाली गडद रंगाची पँट आणि आत साधा शर्ट. हिशेब खात्यातही ते अंगावर वेगळं वाटणार नाही आणि तुम्हाला हवा तो गडदपणा मिळेल. बाजारात सध्या खणाच्या नावाखाली यंत्रमागावरचं पॉलिएस्टर खूप फिरतंय, त्यामुळे दुकानदाराकडून कडेचे दोन धागे मागून घ्या आणि घरी काडी लावून बघा. सूत कागदासारखं जळतं, राख मऊ पडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

पँटसाठी पातळ हातमाग घेऊ नका. बसून काम करणाऱ्यांचे गुडघे आणि मागचा भाग दोन महिन्यांत फुगतो. कच्छमधला काला कापूस बघा. पावसाच्या पाण्यावर येणारं जुनं देशी वाण आहे हे. सूत जाड निघतं, कापड भरदार होतं, पँट आणि जाकिटाला उत्तम. खादी डेनिमही चालेल.

अजरख, म्हणजे ठशांनी छापलेलं कच्छचं कापड, त्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण गडद रंगांच्या चाहत्यांची पावलं शेवटी तिकडेच वळतात. नीळ, मंजिष्ठाचा लाल, लोखंडाच्या गंजातून काढलेला काळा, आणि चुना-डिंकाने झाकून राखलेला पांढरा. धुणं, हिरड्यात बुडवणं, छापणं, वाळवणं, पुन्हा छापणं, असे टप्प्यावर टप्पे. कच्छमध्ये धमडका गाव २००१ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं, नदीच्या पाण्याचा गुण बदलला आणि कारागिरांनी भुजजवळ अजरखपूर नावाचं नवीन गाव वसवलं. नक्षी दाट असल्यामुळे चुरगळलेलं दिसत नाही, सकाळी इस्त्रीला वेळ नसणाऱ्यांसाठी हा मोठा फायदा. पाच फुटी अंगावर मोठ्या चौकटींची नक्षी जड होते, लहान बुट्टीची घ्या. नवी नीळ पहिल्या धुण्यांत आणि घामात थोडी सुटते, तेव्हा सुरुवातीला पांढऱ्या ओढणीबरोबर किंवा फिकट पर्सबरोबर घालू नका. आणि लिंबू जपा. जेवताना लिंबाचा थेंब काळ्या छाप्यावर पडला की तिथे फिकट ठिपका उठतो, कारण लोहाचा काळा रंग आंबटाला टिकत नाही. डाग काढायला व्हिनेगर लावणं हा उपाय इथे उलटा पडतो. लगेच साध्या पाण्याने धुवा.

कुठलंही हातमागाचं कापड शिवायला देण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा. खादी तर हमखास आटते. म्हणून घेतानाच पाव मीटर जास्त घ्या. पन्हा विचारायला विसरू नका. हातमागाचा पन्हा गिरणीच्या कापडापेक्षा कमी असतो आणि तुमच्या शिंप्याने नेहमीचा हिशेब धरला तर बाही कमी पडते. शिंप्याला तीन गोष्टी सांगा: आत माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड, भरपूर ठेवा, बगलेत चौकोनी तुकडा घाला, उसवणाऱ्या कडा आत दुमडून दुहेरी टीप मारा. बगलेतला तो तुकडा आपल्या जुन्या कळीदार अंगरख्यांत असायचाच. त्यामुळे हात वर नेला तरी मुंढ्यावर ताण येत नाही, आणि तुम्हाला हवं तसं अंगासरशी शिवताही येतं.

आता विश्वासाचा प्रश्न. चिन्हं बरीच आहेत आणि प्रत्येक चिन्ह वेगळी हमी देतं. हॅंडलूम मार्क सांगतो की कापड हातमागावर विणलंय. खादी मार्क सांगतो की सूतही हाताने कातलंय. सिल्क मार्क फक्त रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो. कापसावरचं फेअरट्रेडचं चिन्ह शेतकऱ्याला किमान दर आणि वर थोडी जादा रक्कम मिळाल्याचं सांगतं, कुर्ता शिवणाऱ्या बाईबद्दल त्यातून तेवढं कळत नाही. गॉट्स (GOTS) या सेंद्रिय कापडाच्या चिन्हात सेंद्रिय धागा निदान ७० टक्के लागतो आणि कामगारांबद्दलच्या अटीही असतात. जागतिक न्याय्य व्यापार संघटना, म्हणजे डब्ल्यूएफटीओ, अख्ख्या संस्थेचा कारभार दहा तत्त्वांवर तपासते, त्यामुळे माझ्या मते सर्वात जास्त सांगणारं चिन्ह तेच. मुंबईची क्रिएटिव्ह हॅंडिक्राफ्ट्स ही बायकांची संस्था या न्याय्य व्यापाराच्या चळवळीतलीच.

हातमाग म्हणजे आपोआप न्याय्य, असं मात्र धरू नका. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात पस्तीस लाखांवर विणकर आणि त्यांचे सहकारी कामगार मोजले गेले, त्यांत सत्तर टक्क्यांहून जास्त बायका. आणि दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत निघालं. हातमागाची महाग साडी आणि ती विणणाऱ्याच्या घरातली ही मिळकत यांच्यामध्ये कोण उभं आहे, ते विचारणं हे आपलं काम आहे. हा वाद आपल्या मातीत नवा नाही. खादी स्वस्त राहावी म्हणून कातणारणीला कवडीमोल मजुरी मिळते, हे गांधीजींना सहन होत नव्हतं. १९३५ मध्ये त्यांनी खादीचं काम चालवणाऱ्या चरखा संघाकडे आग्रह धरला की तिला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. वर्ध्याचं मगन संग्रहालय त्याच काळातलं, १९३८ चं, आणि आजही तिथे नैसर्गिक रंगाच्या खादीचं काम चालतं.

विक्रेत्याला मी काय विचारते? कापड कुठल्या गावात विणलं. मजुरी विणलेल्या लांबीवर आहे की नगावर. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईला वेगळे पैसे मिळतात का, की ते घरचं काम म्हणून फुकटात धरलंय. आणि पावसाळ्यात खड्डामागात, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेल्या मागात, पाणी झिरपतं, माग बंद राहतो, तेव्हा घरी काही पैसे जातात का. शेवटचा प्रश्न फार उपयोगी आहे. जो खरंच विणकरांबरोबर काम करतो तो लगेच उत्तर देतो, मग ते उत्तर "नाही, अजून जमलेलं नाही" असं का असेना. बाकीचे कापडाचा मऊपणा सांगायला लागतात.

तुम्ही नाशिकच्या, म्हणून आणखी एक. तुमच्या शेजारी यंत्रमागांचं मालेगाव आहे. यंत्रमागावर काम करणारा माणूसही कामगारच आहे आणि त्याच्या पोटाचा प्रश्नही तितकाच खरा. माझा विरोध यंत्रमागाला नाही. यंत्रमागाचं कापड हातमागाचं म्हणून, हातमागाच्या दराने विकण्याला आहे.

लग्नासाठी तर तुम्हाला दूर जायलाच नको. येवला तुमच्याच जिल्ह्यात आहे. एखाद्या रविवारी जाऊन या, दुकानाआधी माग चालू असलेल्या घरात बसा. विचारा, सहसा कोणी नाही म्हणत नाही. पैठणीचा पदर उलटून बघा. हाताने विणलेली नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले तर ते वेगळं काम आहे आणि त्याची किंमत वेगळी हवी. बजेट बसत नसेल तर स्वस्तातली नकली पैठणी घेऊ नका. तेवढ्याच पैशांत उत्तम इरकल येते, तुम्हाला आवडणारा डाळिंबी रंग आणि लाल-पांढरा टोपपदर. त्यावर येवल्याच्या ब्लाउजपीसचं पोलकं शिवा, कोपरापर्यंत बाही, गळा मागे खोल. उंची कमी असल्यामुळे निऱ्या जरा कमी आणि नेटक्या घ्या, काठ मध्यम.

आईची, आजीची जुनी साडी घरात असेल तर ती आधी उजेडासमोर धरून बघा. घडीच्या रेषेवर धागे विरलेले नसतील तर ती तशीच नेसा, कापू नका. विरली असेल तरच तिचं जाकीट किंवा ओढणी करा, आणि मागून मलमलचा आधार द्या. त्या चार ढगळ कुर्त्यांचंही तेच. टाकू नका, कोणाला देऊनही टाकू नका. त्यांतले दोन एखाद्या चांगल्या शिंप्याकडे नेऊन कंबरेला आणि बाहीला आत घ्या, उंची कमी करा. मातकट असतील तर एखादा निळीत किंवा गडद रंगात रंगवून घ्या. सुती कापड रंग सुरेख धरतं, फक्त पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवलेलं असेल तर टीप जुन्याच रंगाची राहते, तेवढं लक्षात घ्या.

शिलाईच्या पैशांवर घासाघीस करू नका, हे आवर्जून सांगते. विणकराला योग्य दाम मिळावा म्हणून आपण चार पैसे जास्त मोजतो आणि कोपऱ्यावरच्या शिवणाऱ्या बाईकडे दोनशे रुपये कमी करायला अडून बसतो, असं फार बघते मी. अस्तर, बगलेचा तुकडा, दुहेरी टीप हे सगळं जास्तीचं काम आहे. आधीच दर ठरवा, अर्धे पैसे कापडाबरोबर द्या. आणि घाईत काम लादू नका. दिवाळीच्या तोंडावर कापड दिलंत तर ती रात्री जागून शिवेल आणि माया अर्ध्या इंचावर येईल. डिसेंबरच्या लग्नाचं पोलकं आणि जाकीट दोन्हींचं कापड भिजवून, वाळवून, गणपतीआधी तिच्या हातात द्या. एकदा घालून बघायला नवरात्रात जा.